सील माझं, सही तुमची

७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

राजीनामा दिला.

हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण तू कुठल्याही पत्राची पहिली ओळ वाचून मोकळा होतोस आणि मग खालचं वाचायचं राहून जातं. आता बस, चष्मा पूस आणि बाकीचं शांतपणे वाच. वहिनीला म्हणावं, तांब्याभर पाणी जवळ ठेव.

चौकशी लागणार हे तुला कळवलं होतंच. परवा आरोपपत्र हातात पडलं. 'वरिष्ठांना त्रास देण्याच्या हेतूने, पूर्वसूचना न देता, मुख्य कार्यालयाची लिफ्ट बंद केली.' साध्या भाषेत सांगायचं तर मोठ्या साहेबांना सात मजले चढायला लावले.

मी लिफ्ट का बंद केली ते नीट सांगते, नाहीतर तू म्हणशील, 'त्यांचंही काहीतरी असेल गं.' आमची लिफ्ट मजल्यावर येऊन थांबते, दार उघडतं, माणूस पाऊल बाहेर टाकतो आणि तेवढ्यात ती खाली सरकते. ब्रेक झिजला की असं होतं. मी तोंडी सांगितलं, लेखी दिलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग जानेवारीत आमच्या चहावाल्या मावशी किटली घेऊन पाचव्या मजल्यावर उतरत होत्या आणि लिफ्ट वीतभर खाली गेली. मावशी तोंडावर आपटल्या, गुडघा फुटला, गरम चहा हातावर. वर निष्कर्ष काय निघाला? मावशींनी पाऊल बघून टाकायला हवं होतं! त्याच दुपारी मी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन मेन स्विचला सील मारलं. खाली येऊन तळमजल्याखालचा लिफ्टचा खड्डा तपासला, झाडून घेतला आणि त्याच्या दारालाही सील मारलं. गेली पंचवीस वर्षं मी लिफ्ट तपासते. दुसऱ्या कुणाची इमारत असती तर याच साहेबांनी माझी पाठ थोपटली असती.

आता मला कोपऱ्यातलं टेबल दिलंय. त्यावर काम नाही आणि वर पंखा नाही. येणारे-जाणारे असे बघतात, जणू मी त्यांचं घोडं मारलंय. साहेबांनी बोलावून घेतलं. फार गोड बोलले. 'सील काढा, लिफ्ट ठीक आहे असं लिहून द्या, चौकशी मिटवून टाकू.' मी म्हटलं, विचार करते. टेबलावर आले आणि दोन ओळींचा राजीनामा लिहिला. आभार वगैरे मानले नाहीत.

तू ऑपरेशननंतर अजून छत्री टेकत चालतोस असं वहिनीनं कळवलं. सोबत काठी पाठवते आहे. सागाची आहे. टोकाचं लाल रबर मी स्वतः बसवलंय, लिफ्टच्या दाराला लावतात त्यातलं. दुकानातलं काळं रबर दोन महिन्यांत झिजतं. वापर, लाजू नकोस.

तुझी,
चिंगी

१३ फेब्रुवारी

चि. चिंगीस,

काठी मिळाली, पत्रही मिळालं. पत्र वाचताना काठीचा उपयोग झाला.

अगं, तुला काय झालंय काय? माझी उभी हयात आस्थापना शाखेत गेली. लोकांचे राजीनामे, बदल्या, चौकश्या, सगळं या हातांखालून गेलंय. चौकशी चालू असताना ज्यानं म्हणून राजीनामा दिला, त्याच्याबद्दल शिपायापासून साहेबापर्यंत सगळे एकच बोलतात, 'काहीतरी केलंच असणार.' मग तू धुतल्या तांदळासारखी का असेनास. पुन्हा तो मंजूर करायचा की लोंबकळत ठेवायचा हे त्यांच्या मर्जीवर. म्हणजे तू अब्रूही घालवलीस आणि हातातला दोरही त्यांना दिलास. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे आणखी काय असतं?

आई गेली तेव्हा तू शाळेत होतीस. तुझी फी, तुझं वसतिगृह, सगळं करताना मला एकच वाटायचं, हिला एकदा सरकारी नोकरी लागू दे, म्हणजे मी सुटलो. तुला नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी मी कुणाकुणाला थांबवून सांगितलं होतं. ज्याची माझी ओळख नाही त्यालासुद्धा. आणि आता दोन ओळी?

तुमचे मोठे साहेब माझ्या माहितीतले आहेत. नवे असताना आमच्या शाखेत होते. फाइल कशी बांधायची ते मी शिकवलंय त्यांना. माणूस वाईट नाही, मानाचा भुकेला आहे एवढंच. दोन शब्द नरमाईनं बोललीस तर तुझं काय जातं? तुला जमत नसेल तर मी बोलतो. राजीनामा मागे घे. माझं ऐक.

वहिनी म्हणते, तिला जेवते आहेस ना ते विचारा. जेवते आहेस ना?

तुझा,
दादा

२० फेब्रुवारी

प्रिय दादा,

खबरदार! त्यांच्याकडे गेलास किंवा फोन केलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. हे रागानं लिहीत नाहीये. जेवूनखाऊन, थंड डोक्यानं लिहिते आहे.

'काहीतरी केलंच असणार' म्हणतात? मग केलंच आहे की. लिफ्ट बंद केली आहे, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. मी लपवते कुठे? लोकांच्या बोलण्याला भीक घालायचं माझं वय गेलं.

चौकशीची गंमत ऐक. चौकशी अधिकारी म्हणून दुसऱ्या खात्यातले एक निवृत्तीला टेकलेले गृहस्थ नेमलेत. चौकशीची खोली साहेबांनी मुद्दाम आपल्या शेजारची दिली आहे, सातव्या मजल्यावर. अधिकारी वर येतात, खुर्चीत बसतात आणि पहिली काही मिनिटं खोलीत कुणीच बोलत नाही, कारण ज्यांनी बोलायचं त्यांना बोलताच येत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, 'बाई, तुम्हाला... तळमजल्यावर... काम नव्हतं का... काढता येत?' मला हसू आवरेना. माणूस मात्र सरळ वाटतो. खोटं लिहून घेत नाही.

साहेबांचं म्हणणं असं, की लिफ्ट जानेवारीपासून जागची हललेली नाही, सीलला कुणी हात लावलेला नाही, मग ती सरकते याला पुरावा काय? आता ती सरकते हे दाखवायचं तर सुरू करावी लागेल. सुरू करायची तर मलाच सील काढावं लागेल. आणि मी सील काढलं की म्हणणार, बघा, बाईंनीच काढलं, म्हणजे लिफ्ट ठीकच होती. मावशींची साक्ष घ्या म्हटलं, तर मावशी कंत्राटावर. त्यांच्या कानात आधीच कुणीतरी सांगून ठेवलंय, की तोंड उघडलंत तर किटली घेऊन घरी जा. त्या मला जिन्यात भेटल्या की डोळे पुसतात. मी त्यांना काय म्हणू?

राजीनाम्यामागे कारण आहे, दादा. मी घाबरून शेपूट घातलेली नाही आणि माझं डोकंही फिरलेलं नाही. पण ते कारण पत्रात लिहिणार नाही. तुझ्या पोटात काही राहत नाही. मी गणितात नापास झाले ते 'कुणाला सांगणार नाही' असं शपथेवर म्हणालास आणि हात धुवायच्या आत आईला सांगून मोकळा झालास. तेव्हा या वेळी तू नुसता माझ्यावर विश्वास ठेव. एवढंच कर.

गुडघा कसा आहे? काठी टेकतोस की कोपऱ्यात उभी केली आहेस?

तुझी,
चिंगी

२१ मार्च

चि. चिंगीस,

उत्तराला महिना लागला. मनगट मुरगळलं होतं. न्हाणीघरात पाय घसरला. आता बरं आहे, अक्षर वाकडं आलंय तेवढं चालवून घे. वहिनी म्हणत होती मी लिहिते, मीच नको म्हटलं.

काठीबद्दल सांगायला वाईट वाटतं. बसमध्ये राहिली. डेपोत जाऊन आलो, मिळाली नाही. तू एवढी हौसेनं पाठवली होतीस. आता छत्री आहेच.

राजीनाम्याचं काय ते तू ठरव. मी मध्ये बोलत नाही.

एक विचारायचं होतं. ते ब्रेकचं तू म्हणतेस ते दर वेळी होतं, की कधीतरीच? म्हणजे समजा, एखादा माणूस म्हणाला की लिफ्ट सरकली, तर त्याचा स्वतःचा पाय चुकला असेल आणि त्याला उगाच तसं वाटलं असेल, असं होऊ शकतं का? आपलं सहज विचारलं.

तब्येतीला जप.

दादा

२७ मार्च

दादा,

'सहज विचारलं' म्हणे! म्हणजे आता तुझंही तेच म्हणणं, की मावशींचाच पाय चुकला? पंचवीस वर्षं मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरते, ग्रीसनं हात काळे करते, आणि माझ्या सख्ख्या भावाला मला विचारावंसं वाटतं, की लोकांना उगाच तसं वाटतं का. साहेबांनीही मला नेमकं हेच विचारलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. त्यांचं मला काही वाटलं नाही. तुझं फार लागलं.

उत्तर हवंय ना? घे. दर वेळी होत नाही. कधीतरी होतं. म्हणूनच ते जास्त वाईट. दर वेळी सरकली असती तर माणसं सावध तरी राहिली असती.

आणि आता ते कारणही ऐक, कारण तू मला पळपुटी समजून बसावंस हे मला सहन होत नाही. आमच्याकडे प्रत्येक तपासनीसाला एक चिमटा मिळतो. तारेवर शिशाची गोळी घालून चिमट्यानं दाबली की तिच्यावर त्या माणसाचा नंबर उमटतो. ज्याचं सील त्यानंच काढायचं, ही आमच्या खात्याची रीत. तपासनीस नोकरी सोडून गेला की त्याचा चिमटा जमा होतो, त्यावरचा नंबर कानशीनं घासून टाकतात. मग त्याची राहिलेली सीलं काढायचा अधिकार एकट्या मोठ्या साहेबांना. तोही कसा, तर लिफ्ट सुरक्षित आहे असं लिहून, खाली स्वतःची सही करून. कळलं? मी नोकरीत आहे तोवर ते मला हुकूम सोडू शकतात. नाही ऐकलं तर दुसरी चौकशी, मग तिसरी. मीही माणूस आहे, कधीतरी थकेन. पण मी गेलेच तर हुकूम कुणाला सोडणार? सील माझं राहील आणि सही त्यांची लागेल. ते सही करणार नाहीत, दादा. माणूस किती का उर्मट असेना, स्वतःच्या पायाखालची लिफ्ट त्याला बरोबर ठाऊक असते.

राजीनामा अजून त्यांच्या टेबलावर पडून आहे. बहुतेक त्यांच्याही हे ध्यानात आलंय.

परवाची गोष्ट तर तुला सांगायलाच हवी. चौकशीत साहेब म्हणाले, 'यांच्या घरच्यांना यांचं वागणं पटलेलं नाही. घरचं माणूस येऊन माझी माफी मागून गेलं, सील काढायला लावतो असा शब्द देऊन गेलं. नाव सांगून त्यांना लाजवत नाही.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, 'मला एकच भाऊ आहे. घाबरट आहे, नियमाबाहेर शिंकतसुद्धा नाही. पण माझ्या पाठीमागे जाऊन माझ्या नावानं माफी मागेल, असा तो नाही. हे खोटं लिहून घेऊ नका.' आणि अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. नुसत्या माझ्या शब्दावर.

तुझ्यासाठी मी असं भांडते, आणि तू मला विचारतोस पाय चुकला असेल का.

चिंगी

२ एप्रिल

चिंगे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

मी गेलो होतो. साहेबांनी सांगितलं ते खरं आहे. तुझं 'खबरदार' वाचूनही गेलो. वहिनीला सांगितलं, पेन्शनच्या कामाला चाललोय. मला वाटलं, तुझं काय जातंय ते तुला कळत नाहीये, मोठा म्हणून मीच काहीतरी करायला हवं. तुझ्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे तोंड होऊ नये म्हणून मागच्या जिन्यानं चढलो. गुडघा असा दुखत होता की प्रत्येक मजल्यावर तुझ्या नावानं बडबडत होतो. वर साहेबांनी बसवलं, पाणी दिलं, जुन्या ओळखीचं बोलले. मी हात जोडले. 'लहान आहे, चुकली, सांभाळून घ्या,' म्हणालो. पन्नाशीची बाई आणि मी लहान आहे म्हणालो. सील काढायला लावतो असा शब्दही दिला.

निघताना साहेब म्हणाले, 'तुम्ही आता जिना कशाला उतरता?' मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायानं मला लिफ्टकडे नेलं आणि लिफ्ट आली! मी म्हटलं, अहो, ही तर बंद आहे ना? तर शिपाई हसून म्हणाला, 'बाईंचं सील आहे तसंच आहे हो, वर शेजारून दुसरी वायर ओढली आहे. साहेबांपुरती आणि त्यांच्या पाहुण्यांपुरती चालते.' मी आत गेलो, चिंगे. तू बंद केलेल्या लिफ्टमध्ये पाहुणा म्हणून उभा राहिलो, आणि खरं सांगतो, गुडघ्याला बरं वाटलं.

तळमजल्यावर दार उघडलं. मी नेहमीसारखी आधी काठी टाकली. लिफ्ट हलली. काठीचं टोक फटीत अडकलं आणि काठी कडकन मोडली, मी पुढे मनगटावर पडलो. शिपायानं ओढून बाहेर काढलं. मोडलेलं टोक खाली खड्ड्यात गेल्याचा आवाज मी ऐकला. वरचा तुकडा माझ्या हातात राहिला. शिपाई काय म्हणाला असेल? 'काका, पाऊल बघून टाकायचं ना.'

न्हाणीघर खोटं, बस खोटी. ते मी तुला विचारलं ना, ते मावशींचं नव्हतं, माझं होतं. मला वाटत होतं, देवा, माझाच पाय चुकलेला असू दे, म्हणजे कुणाला काही सांगायला नको. कारण लिफ्ट सरकली हे सांगायचं तर मी तिथं कशाला गेलो होतो हेही सांगावं लागतं.

आणि तू तिकडे उभी राहून म्हणालीस की माझा भाऊ तसा नाही.

मी साक्ष द्यायला येतो. माफी मागायला गेलो होतो हेही सांगतो, सगळ्यांसमोर. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण येऊ दे.

दादा

६ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचून मी घरातल्या घरात इतक्या फेऱ्या मारल्या, की खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या. तुला काय काय म्हणाले ते लिहीत नाही. मी खूप रागावले आहे आणि राग एवढ्यात जाणार नाही. माझा शब्द तू खोटा पाडलास. साहेबांसमोर मला खाली बघावं लागेल. आजवर त्यांच्यासमोर मी खाली बघितलेलं नाही.

पण मी खोटं बोलून जिंकणार नाही, तेव्हा ये. पुढची तारीख पंधरा आहे. त्या दिवशी सगळ्यात आधी मीच अधिकाऱ्यांना सांगणार आहे की भावाबद्दल मी बोलले ते चुकलं होतं.

मनगट आणि गुडघा डॉक्टरांना दाखवून ये. खोली सातव्या मजल्यावर आहे आणि तू जिन्यानं चढणार आहेस. वरचा तुकडा फेकला नसशील तर घेऊन ये. फेकला असशील तर आधी कचऱ्यात शोध.

मी न्यायला येणार नाही.

चिंगी

१९ एप्रिल

चि. चिंगीस,

सुखरूप पोचलो. त्या दिवशी तू माझ्याकडे बघतही नव्हतीस, म्हणून माझ्या बाजूचं लिहून कळवतो.

चौथ्या मजल्यावर मी कठड्याला धरून उभा होतो. वाटलं, इथूनच परत जावं. तेवढ्यात चहावाल्या मावशी आल्या. त्यांनी स्टूल आणून दिलं, अर्धा कप चहा दिला. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणाल्या, 'काका, हळू चढा, पण चढा. आमच्या बाईंमुळे चढतोय तरी, नाहीतर आणखी एखादा पडला असता.' मी त्यांना सांगितलं, मी तुमच्या बाईंचा भाऊ, आणि मीच पडलोय. त्यांनी माझा कप पुन्हा भरला.

वर पोचलो तर धाप थांबेना. अधिकारी म्हणाले, 'बसा. बोलू नका. मला माहीत आहे.' तेवढ्यात तू उठून तुझी चूक सांगितलीस. चिंगे, ती तू सांगत असताना मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझं पाप, आणि मान तुझी खाली. मग मी सगळं सांगितलं. हात जोडले, शब्द दिला, लिफ्टनं उतरलो. साहेब म्हणाले, 'वय झालंय, गोंधळ होतोय, बहिणीची माया आहे.' त्यांच्याकडे बघून मी म्हटलं, 'साहेब, फाइलला गाठ कशी मारायची ते मी तुम्हाला शिकवलंय. तेव्हा गोंधळ होत नव्हता, आजही होत नाही.' आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबाला उलट बोललो. गुडघासुद्धा त्या वेळी दुखत नव्हता.

मग मी काठीचा तुकडा टेबलावर ठेवला आणि उरलेला खड्ड्यात आहे म्हणालो. सगळी वरात सात मजले खाली. खड्ड्याच्या दाराचं तुझं सील साहेबांनी स्वतः बघितलं, नंबर वाचला. म्हणाले, 'सील शाबूत आहे. कुणी उघडलेलं नाही. मग आता कशाला उघडायचं?' अधिकारी म्हणाले, 'कुणी उघडलेलं नाही, म्हणूनच.' तू चिमटा काढलास, तार तोडलीस. बॅटरीच्या उजेडात ते लाल रबर मला तुझ्याआधी दिसलं. जानेवारीत तू झाडून, सील मारून ठेवलेल्या खड्ड्यात तुझीच काठी! साहेबांचं तोंड बघवत नव्हतं, तरी मी बघितलं. मग वर मशीन रूममध्ये जाऊन अधिकाऱ्यांनी ती शेजारून ओढलेली वायरही पकडली.

तू ते टोक उचललंस आणि माझ्याकडे बघितलंस. मला तेवढं पुरे आहे.

आता तरी राजीनामा मागे घे. जिंकलीस ना? हुकूम नाही करत. विचारतो आहे.

तुझा,
दादा

११ मे

प्रिय दादा,

निकाल लागला. आरोप सिद्ध झाले नाहीत. मावशींची साक्षही शेवटी घेतली. त्या जिन्यावरून वर आल्या आणि एका दमात सगळं बोलून गेल्या, अधिकाऱ्यांना लिहायला सवड मिळेना. किटली अजून त्यांच्याच हातात आहे.

साहेब आहेत तिथेच आहेत. त्यांना समज दिली म्हणतात, म्हणजे काय ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. त्यांनी मला बोलावलं. पुन्हा गोड. 'झालं गेलं विसरू. राजीनामा परत घ्या, तुमचं टेबल, तुमचा पंखा, सगळं पहिल्यासारखं. ब्रेकचं काम कधीतरी निघेल. तोवर तेवढं सील काढून टाका.' मी विचारलं, तोवर म्हणजे ब्रेक बदलायच्या आधी? त्यांनी समोरची फाइल बांधायला घेतली. तेव्हा मला तुझं पत्र आठवलं, जिंकलीस ना म्हणून. दादा, मी त्या टेबलावर परत बसले असते तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुठल्या इमारतीसाठी हेच गोड बोलणं ऐकावं लागलं असतं. मी म्हटलं, 'साहेब, मी विसरले नाहीये. राजीनामा मंजूर करा.'

केला. काल मी चिमटा जमा केला. माझ्यासमोर कानस फिरवली, माझा नंबर घासून काढला. मला वाटलं होतं काही वाटणार नाही. रडू आलं आणि मी रडले, सगळ्यांसमोर. मग तोंड धुतलं. साहेबांपुढे 'सील काढण्यास हरकत नाही' असा कागद टाइप करून ठेवला होता, फक्त सही बाकी होती. त्यांनी पेनचं टोपण काढलं, माझ्याकडे बघितलं आणि टोपण परत लावलं. तासाभरात नव्या ब्रेकची मागणी गेली. तो बसेपर्यंत ते जिना चढणार. मी शेवटची उतरत होते तेव्हा ते तिसऱ्या मजल्यावर दम खात उभे होते. मला वाट द्यायला बाजूला सरकले. मी 'हळू चढा' म्हटलं. मनापासून म्हटलं, थट्टा नव्हती.

माझी काळजी करू नकोस. दोन सोसायट्यांनी त्यांच्या लिफ्ट बघायला बोलावलंय. पगार नाही, पेन्शनही अर्धीमुर्धी, हे खरं आहे आणि त्याची भीतीही वाटते. पण पोटापुरतं होईल. एकटीचं पोट ते केवढं! तुला कुणी विचारलं की बहिणीनं चौकशीत असताना नोकरी का सोडली, काहीतरी केलंच असणार, तर मान हलव आणि सांग, हो, केलं. काय केलं तेही सांग. त्यात तू काय केलंस तेही सांग. तू सात मजले चढलास ते सगळ्यात आधी सांग.

माझा राग थोडा शिल्लक आहे. तो तू आलास की काढेन. पुढच्या आठवड्यात वहिनीला घेऊन ये, आणि या वेळी पेन्शनचं काम सांगून निघू नकोस.

सोबत काठी पाठवते आहे. दोन्ही तुकडे सुताराकडे नेले. तो म्हणाला, नवी घ्या, स्वस्त पडेल. मी त्याला म्हटलं, हीच जोड. त्यानं आत खिळा घालून वर पितळी कडं बसवलंय. जोड दिसतो. तू तो हातानं झाकून धरशील हे मला माहीत आहे. झाकू नकोस. आधी घरातल्या घरात भार टाकून बघ. मी टाकून पाहिलाय, सगळा.

तुझी,
चिंगी